एकच रेघ आली, पण पाळीही आली नाही: घरच्या प्रेग्नन्सी टेस्टचा घोळ नेमका कुठे होतो

चोपड्यात आमचं मेडिकल आहे. काउंटरवर बाई बसलेली असते म्हणून आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया किट घ्यायला मुद्दाम आमच्याकडे येतात. त्यातल्या बऱ्याच जणी चार-पाच दिवसांत परत येतात. “ताई, एकच रेघ उनी. पन पाळी बी उनी नही.” मग दुसऱ्या कंपनीचं किट मागतात, त्याहून महागाचं मागतात. तेही एकच रेघ दाखवतं. आठवड्याने पुन्हा बघितलं तर दोन रेघा, आणि मग सगळा राग पहिल्या किटवर. किट खराब निघू शकतं, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे. पण बहुतेक वेळा त्या पहिल्या किटने बरोबरच सांगितलेलं असतं. त्या दिवशी लघवीत सापडण्याजोगं काही नव्हतंच. टेस्ट करायचा दिवस चुकलेला असतो.

घाई असेल त्यांच्यासाठी आधीच सांगते. पाळी दर महिन्याला वेळेवर येत असेल, तर तारीख उलटून ७ दिवस होऊ द्या आणि सकाळच्या पहिल्या लघवीवर टेस्ट करा. पाळीचा नेम नसेल, अंगावर दूध पाजत असाल किंवा मागची तारीखच आठवत नसेल, तर शेवटच्या संबंधापासून २१ दिवस मोजा आणि मग करा. या दोन मुदतींच्या आधी आलेली एक रेघ म्हणजे “नाही” असं धरू नका, ती “अजून सांगता येत नाही” अशी धरा. आधी आलेल्या दोन रेघा मात्र बहुतेक खऱ्या असतात.

आता हे असं का.

किट शोधतं ते एचसीजी नावाचं संप्रेरक. संबंध आला, बीज फळलं, तरी त्या दिवशी ते तयार होत नाही. फळलेलं बीज नळीतून सरकत गर्भाशयात येतं, तिथल्या अस्तरात रुजतं, आणि रुजल्यावर एचसीजी आईच्या रक्तात आणि मग लघवीत उतरायला लागतं. रुजायला किती दिवस लागतात याचा फार चांगला अभ्यास अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात झाला. १९८२ ते १९८५ या काळात ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूल हवं असलेल्या २२१ बायकांची रोजची लघवी जमा करून तपासली. टिकलेल्या गर्भांत बीज सुटल्यापासून रुजेपर्यंत ६ ते १२ दिवस गेले होते, आणि ८४ टक्के गर्भ आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजले होते. त्याच माहितीवरून पुढे २००१ साली त्यांनी दाखवलं की पाळी चुकली त्या पहिल्याच दिवशी टेस्ट केली, तर किट कितीही चांगलं असलं तरी दहातला एक गर्भ सापडणारच नाही, कारण तो तोवर रुजलेलाच नसतो. एक आठवडा थांबलं तर सापडण्याचं प्रमाण ९७ टक्क्यांवर जातं.

पाकिटावर “९९ टक्के अचूक” छापलेलं असतं. लघवीत पुरेसं एचसीजी आहे हे प्रयोगशाळेत आधीच माहीत असताना किट किती वेळा बरोबर सांगतं, त्याचा तो आकडा आहे. तुम्ही कुठल्या दिवशी टेस्ट करणार हे त्यात धरलेलं नसतं.

रुजल्यानंतरही लगेच रेघ उमटत नाही. आपल्याकडे मिळणारी बरीच किटं एका मिलीलिटर लघवीत साधारण २५ एमआययू (हे एचसीजी मोजायचं एकक) एचसीजी असेल तेव्हा रेघ दाखवतात. सुरुवातीच्या दिवसांत हे संप्रेरक दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होत जातं. समजा आज ६ आहे. दोन दिवसांनी १२, चार दिवसांनी २४. म्हणजे आज, उद्या, परवा रोज एक किट वाया घालवलं तरी रोज एकच रेघ दिसणार, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी फिकट दुसरी रेघ डोकावणार. म्हणून मी गिऱ्हाइकाला एका वेळी दोन किटं देत नाही, एक देते. ते निगेटिव्ह आलं तर दुसरं तीन-चार दिवसांनी न्या म्हणते. विक्री कमी होते, पण त्या बाईच्या तीन सकाळी तरी धडधडत जात नाहीत.

पाळीची तारीख मोजताना होणारी गफलत

सगळ्यात जास्त घोळ इथे आहे. “पाळी चुकली” म्हणजे नेमकी कुठली तारीख चुकली, हे विचारलं की गाडी अडते.

बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. मागच्या पाळीनंतर १४ दिवसांनी असं सगळे म्हणतात, पण ते फक्त २८ दिवसांचं चक्र असणारीला लागू पडतं. समजा दोघी जावांची पाळी १ जूनला आली. थोरलीचं चक्र २८ दिवसांचं, तिची पुढची तारीख २९ जून. तिचं बीज १५ जूनच्या आसपास सुटलं, दिवस राहिले असतील तर गर्भ बहुधा २३ ते २५ जूनला रुजला. धाकटीचं चक्र ३५ दिवसांचं, तिची तारीख ६ जुलै. तिचं बीज २२ जूनच्या सुमाराला सुटलं, म्हणजे गर्भ रुजणार ३० जून ते २ जुलैच्या दरम्यान. आता थोरलीने २९ जूनला टेस्ट केली म्हणून धाकटीनेही त्याच दिवशी केली, तर धाकटीच्या पोटात गर्भ असूनही तो रुजलेलाच नाही. तिला एकच रेघ दिसणार, आणि घरात “हिचं काही खरं नाही” सुरू होणार. ३५ दिवसांचं चक्र हा आजार नाही. २४ ते ३८ दिवसांत काहीही आलं तरी ते ठीकच धरतात.

दुसरी गोष्ट आपल्या खान्देशातल्या सणावारांची. कानबाई बसणार असेल, घरात लग्न असेल, चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जायचं असेल, तर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. गोळ्या बंद केल्यावर बहुतेकींना दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्याभरात पाळी येते. या गोळ्यांमुळे किटचा निकाल बदलत नाही, पण महिन्याची जुनी तारीख मोडते आणि पुढचा सगळा हिशोब सरकतो. त्या महिन्यात कॅलेंडर बघू नका, २१ दिवसांचा नियम लावा. गोळ्या बंद करून आठवडा उलटला, पाळी नाही आणि मधे संबंध आलेला असेल, तर टेस्ट कराच. पाळी ढकलायच्या गोळ्या खाताना दिवस राहत नाहीत असा एक समज आहे, तो खोटा आहे. त्या गर्भनिरोधक म्हणून दिलेल्या नसतात.

७२ तासांच्या आत घ्यायची गोळी घेतली असेल, तिचंही असंच. तिच्यामुळे पाळी काही दिवस अलीकडे किंवा पलीकडे सरकू शकते. ठरलेल्या तारखेच्या वर आठवडा गेला तर टेस्ट करा.

आणि ज्यांना तारीख आठवत नाही त्यांनी सणावरून, बाजारावरून आठवायचा प्रयत्न करावा. “अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी होते, तिथून आल्यावर दोन दिवसांनी बसले होते” एवढं सांगितलं तरी आम्हाला पुरतं. नव्या नवरीच्या बाबतीत तर अखाजीचं माहेरपण हिशोबात घ्यावंच लागतं. पंधरा दिवस ती माहेरी असेल तर पहिले चार-पाच दिवस सोडून त्या काळात दिवस राहायचा प्रश्न नाही, पण सासरच्यांचं मोजणं लग्नाच्या तारखेपासून चालू असतं.

रेघ आहे की भास आहे

दुसरी सर्वांत जास्त येणारी तक्रार. बाई मोबाइलमधला फोटो दाखवते, वाढवून वाढवून दाखवते. फोटोवरून मी कधीच सांगत नाही. मोबाइलचा कॅमेरा रंग बदलतो, पिवळ्या बल्बखाली राखाडी रेघही गुलाबी दिसते. पट्टी दिवसाच्या उजेडात, खिडकीशी धरून डोळ्यांनी बघा.

खरी रेघ फिकट असली तरी तिला रंग असतो, सी अक्षरासमोर दर टेस्टला येते त्या रेघेचाच रंग, आणि ती तिच्याइतकीच रुंद असते. अशी रेघ पाकिटावर दिलेल्या वेळेत, साधारण ५ मिनिटांत, दिसली तर ती पॉझिटिव्ह. फिकट आहे म्हणून अर्धं पॉझिटिव्ह असं काही नसतं. दुसऱ्या प्रकारची रेघ वेळ उलटून गेल्यावर दिसते. बारीक, राखाडी, ओरखडा काढल्यासारखी. लघवी वाळते तेव्हा पट्टीवर तसा पांढुरका-करडा पट्टा राहतो, त्याला अर्थ नाही. सकाळी किट करून बाथरूमच्या कोनाड्यात ठेवायचं, आणि शेतातून परत आल्यावर संध्याकाळी नवऱ्याला दाखवायचं, यातून नुसता मनस्ताप होतो. १० मिनिटांनंतर पट्टी फेकून द्या.

शंका राहिली तर ४८ तास थांबून नवं किट करा. खरा गर्भ असेल तर दोन दिवसांत रेघ गडद होते. तरीही समजेना, तर लॅबमध्ये रक्ताची बीटा एचसीजी करा. ५ च्या खाली निगेटिव्ह, २५ च्या वर पॉझिटिव्ह, आणि मधला आकडा आला तर दोन दिवसांनी पुन्हा रक्त देऊन आकडा वाढतोय का ते बघायचं. रक्ताची तपासणी लघवीपेक्षा काही दिवस आधी सांगते, पण न रुजलेला गर्भ तीही दाखवू शकत नाही.

उन्हाळ्यातली किटं

याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून जरा जास्त लिहिते. पट्टीवरची रेघ उमटते ती त्यावर लावलेल्या प्रतिपिंडांमुळे (अँटीबॉडींमुळे). ती प्रथिनं असतात, आणि प्रथिनांना उष्णता सोसत नाही. किटच्या पाकिटावर बारीक अक्षरांत ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं. आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या घरातल्या लोखंडी कपाटात, स्कूटीच्या डिकीत, एसटीच्या खिडकीशी ठेवलेल्या पिशवीत त्याहून जास्त तापतं. मार्चमध्ये घेऊन ठेवलेलं किट जूनमध्ये वापरलं तर त्याच्या निकालावर माझा भरवसा नाही. सी ची रेघ आली म्हणजे लघवी पट्टीवरून नीट चढली एवढं कळतं. टी ची, म्हणजे गर्भ दाखवणाऱ्या रेघेची, बाजू तेवढीच तल्लख राहिली आहे याची खात्री त्यातून मिळत नाही.

तेव्हा उन्हाळ्यात किट साठवून ठेवू नका, लागेल तेव्हा घ्या. दुकानदाराला विचारा की माल कुठे ठेवता. एक्सपायरी बघा. पाकीट फोडायचं ते टेस्ट करतानाच, आत जी बारीक पुडी असते ती ओल शोषायला असते, ती लघवीत टाकायची नाही. फ्रीजमध्ये ठेवलं असेल तर बंद पाकीट अर्धा तास बाहेर राहू द्या, नाहीतर पट्टीवर दव धरतं.

उन्हाळ्याचा दुसरा त्रास पाण्याचा. केळीच्या बागेत, कपाशीत काम करणारी बाई दिवसभर माठ रिकामा करते, आणि करायलाच हवा. पण त्यानंतरची लघवी पाण्यासारखी असते, त्यात एचसीजी विरळ होऊन जातं. सकाळी दोन रेघा आणि दुपारी एक, असं होण्याचं हेच कारण. तेव्हा सकाळचा निकाल धरा. रात्रपाळी करणाऱ्यांसाठी सकाळ म्हणजे झोपून उठल्यावरची पहिली लघवी. तेही जमत नसेल तर निदान चार तास लघवी धरलेली असावी, आणि त्या वेळात नेहमीपेक्षा जास्त पाणी पिऊ नये.

टेस्ट करताना

भांडं स्वच्छ आणि कोरडं असू द्या. साबणाचा अंश राहिलेली वाटी किंवा औषधाची जुनी बाटली नको. पाकिटात दिलेल्या ड्रॉपरने एस लिहिलेल्या गोल खाचेत दोन-तीन थेंब, पाकिटावर सांगितले असतील तेवढेच. जास्त टाकले तर पट्टी डबडबते आणि रंग पसरतो. किट सपाट जागेवर ठेवा, हातात धरून हलवू नका, घड्याळ लावा. सी समोर रेघच आली नाही तर ती टेस्ट झालीच नाही असं समजा, टी समोर काहीही दिसो.

साखर, मीठ, टूथपेस्ट लघवीत टाकून फेस आला का बघण्याचे व्हिडिओ फार फिरतात. फेस कुठल्याही लघवीला येतो. त्यावर एक दिवससुद्धा घालवू नका, आशाताईंकडे “निश्चय” किट फुकट मिळतं.

तारीख उलटून दोन-तीन आठवडे झाले, तरी निगेटिव्हच

दिवस बरोबर मोजले, सकाळी केलं, किट ताजं होतं, तरी एकच रेघ आणि पाळीचा पत्ता नाही. मग बहुधा गर्भ नाही आणि पाळी दुसऱ्या कारणाने लांबली आहे. पीसीओडी, थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) वाढणं, एकदम वजन उतरणं किंवा वाढणं, मोठा ताण, चाळिशीनंतर पाळी जायची सुरुवात. यात तिसरं-चौथं किट घेऊन काही मिळणार नाही, डॉक्टरांना दाखवा.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. सातपुड्याच्या पाड्यांवरून, ऊसतोडीहून परतलेल्या काही बाया दोन-अडीच महिने उलटल्यावर पहिल्यांदा टेस्ट करतात. आठव्या ते अकराव्या आठवड्यात एचसीजी शिखरावर असतं, लाखाच्या घरातही जातं. इतकं असलं की कधी कधी पट्टी उलट गोंधळते आणि टी ची रेघ फिकट येते किंवा येतच नाही. मळमळ आहे, छाती जड आहे, पोट ओढल्यासारखं वाटतंय आणि किट नाही म्हणतंय, तर किटवर विसंबू नका, तपासून घ्या.

दोन रेघा आल्या, आणि मग पाळी आली

या बायका सर्वांत जास्त खचून येतात. किट खोटं निघालं असं त्यांना वाटतं, किंवा आपण हंडा उचलला म्हणून, पपई खाल्ली म्हणून झालं असं घरचे म्हणतात. विल्कॉक्स यांच्याच अभ्यासात रुजलेल्या गर्भांपैकी २२ टक्के गर्भ बाईला कळायच्या आधीच गळून गेलेले आढळले. त्यातल्या बहुतेकांच्या गुणसूत्रांतच दोष असतो, तो बीज फळतानाच ठरलेला असतो. तिने उचललेल्या हंड्याचा त्याच्याशी संबंध नाही. पूर्वी ही “चार दिवस उशिरा आलेली पाळी” म्हणून निघून जायची. आता लवकर टेस्ट केली की ती दिसते. आठवडाभर थांबा असं मी म्हणते त्याला हेही एक कारण आहे, कारण हे दुःख कळून घेतल्याने टळत नाही. पुढच्या वेळी दिवस राहायला यामुळे अडचण येत नाही.

खोट्या दोन रेघा येण्याची कारणं मोजकी आहेत. नुकतंच बाळंतपण किंवा गर्भपात झाला असेल तर एचसीजी काही आठवडे शरीरात राहतं. वंध्यत्वाच्या उपचारात बीज सुटण्यासाठी दिलेलं इंजेक्शन एचसीजीचंच असतं, ते उतरायला १० ते १४ दिवस लागतात, त्याआधी घरी टेस्ट करूच नका, दवाखान्याने दिलेल्या तारखेलाच करा. द्राक्षगर्भातही (गर्भाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखी वाढ होते त्यात) रेघ येते. ताप-सर्दीच्या गोळ्या, अँटिबायोटिक, गर्भनिरोधक गोळ्या यांनी निकाल बदलत नाही.

इथे मात्र थांबू नका

पाळी चुकलेली आहे, रेघ आलेली आहे, अगदी फिकट का असेना, आणि ओटीपोटात एका बाजूला सतत दुखतंय, डागासारखा रक्तस्राव होतोय, खांद्याच्या टोकाला कळ येतेय किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असू शकतो. नळी फुटली तर काही तासांत जीव जाऊ शकतो. वर लिहिलेलं थांबणं-मोजणं यातलं काही इथे लागू नाही. रात्र असली तरी १०८ ला फोन करा.

दोन रेघा पक्क्या झाल्या की

आशाताईंना सांगून नाव नोंदवा. बारा आठवड्यांच्या आत नोंद झालेली चांगली. फॉलिक ॲसिडची गोळी त्याच दिवशी सुरू करा, कारण बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी पाळी चुकल्यानंतर दोन आठवड्यांतच मिटते. नंदुरबार, धुळे आणि जळगावच्या सातपुड्यालगतच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, दोघांनीही तपासून घ्या.

मूल नको असेल तरी लवकर कळलेलं बरं. १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये बदलला, २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, लग्न झालेलं नसलं तरी. गर्भपाताच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर मागू नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो जात नाही आणि दुखणं “गोळीचंच असेल” म्हणून अंगावर काढलं जातं.

सोनोग्राफीची घाईसुद्धा किटसारखीच. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून पाचव्या आठवड्यात फार तर पिशवी दिसते, ठोके सहाव्याच्या पुढे. पाळी चुकल्याच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर “काही दिसत नाही, दहा दिवसांनी या” असं ऐकून परत याल. दुखणं-रक्तस्राव काही नसेल तर सातव्या-आठव्या आठवड्यात जा, आणि जाताना तीन तारखा कागदावर लिहून न्या: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, पहिल्यांदा एक रेघ आली तो दिवस, आणि दोन रेघा आल्या तो दिवस.